जागा एकाच राज्याची

लग्नाच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून एकच गोष्ट सांगितली. "इंदाय, पोरी, त्याच्यापुढे कधी दोन वस्तू ठेवू नकोस. एकच ठेव. ती तो खाईल, घालेल, वापरेल. दोन ठेवल्यास की संपलं."

पुरावा म्हणून त्यांनी चपलांची गोष्ट सांगितली. रेनान सात वर्षांचा असताना दुकानात त्याला दोन जोड दाखवले आणि एक निवड म्हटलं. तो दोन्हींतली एकेक पायात घालून बाहेर आला. कारण विचारलं तर म्हणाला, नाहीतर मागे राहील त्या जोडाला वाईट वाटेल.

मी हसले. सगळ्याच सासवांना आपला मुलगा काहीतरी खास वाटतो. शिवाय कॉलेजात माझा मानसशास्त्र हा विषय होता, आणि निर्णय घ्यायची सवय लावता येते असं त्यात एका अख्ख्या प्रकरणात दिलेलं होतं.

रेनान मालवाहू जहाजावर थर्ड मेट, म्हणजे तिसरा अधिकारी, आहे. समोरून दुसरं जहाज आलं की कुठल्या बाजूला वळायचं हे तो क्षणात ठरवतो आणि कोळशाने भरलेलं सत्तर हजार टनांचं धूड वळवून दाखवतो. तोच माणूस आमच्या इलोइलो शहरात घरी असला की बाचोयच्या, म्हणजे शेवयांच्या सूपच्या, गाड्यावर साधं का स्पेशल एवढं विचारल्यावर मागच्या तिघांना पुढे जाऊ देतो. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. आपल्या नवऱ्याला रांगेत कोणी ओलांडून गेलं म्हणून जग बुडत नाही, असं मला वाटे.

यंदा त्याची सुटी संपायला अकरा दिवस उरले असताना तो लॅपटॉप घेऊन ओट्याजवळ आला.

"नेलिया, दोन्ही मावत नाहीत."

दोन्ही म्हणजे दोन खेळ. एक 'राखेचं बेट', बावीस वर्षांपूर्वीचा. दुसरा 'हिमाचा दरवाजा', तो चौदा वर्षांपूर्वीचा. दोन्हींत एक मोठं राज्य असतं, जादू असते, गुहा असतात, आणि आपण एक माणूस बनून त्यात वाटेल तिकडे भटकायचं असतं. एकेक खेळ वर्षभर पुरतो. लॅपटॉप मात्र आमच्या लग्नाआधीचा. त्यात जहाज कंपनीचे सक्तीचे धडे आणि आमच्या तान्ह्या सेलीनचे व्हिडिओ ठेवले की जागा उरत होती एकाच राज्यापुरती. आणि जहाजावरचं इंटरनेट चार ओळींच्या निरोपापलीकडे काही पोचवत नाही. जे न्यायचं ते इथूनच भरून न्यायचं.

"मग आवडेल तो एक घे," मी म्हणाले.

पलीकडे कांगकाँगची पालेभाजी निवडत बसलेल्या सासूबाईंचे हात थांबले.  त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

हा खेळ काही लाडाची गोष्ट नव्हती, हे आधी सांगते. मागच्या फेरीत काय झालं ते रेनानने मला सांगितलेलं नाही. मी बघितलं. चौथ्या महिन्यात त्याचा जहाजावरचा दोस्त करार संपवून उतरला, आणि तिथून निरोप लहान होत गेले. आधी 'जेवलो, झोपतो.' मग 'जेवलो.' मग नुसता अंगठा. घरी आला तेव्हा त्याच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलेली होती, आणि कोणी काही विचारलं की उत्तर द्यायच्या आधी तो दाराकडे बघायचा. या वेळी नऊ महिने जायचं होतं. त्या केबिनमध्ये त्याच्या सोबतीला काहीतरी हवंच होतं. माणूस नाही, तर निदान एक राज्य.

त्याने सल्ला विचारला दोघांना. बोयेतचा ला पाझच्या बाजारात बाचोयचा गाडा आहे, आणि जुनमार हायस्कुलात गणित शिकवतो. तिघे शाळेपासूनचे मित्र. येत्या रविवारी सेलीनचा बाप्तिस्मा, आणि तिचे धर्मपिता हेच दोघे. त्या नात्याने ते आत्तापासूनच एकमेकांना 'पारे' म्हणत होते.

"पारे, यात विचार करण्यासारखं आहे काय?" बोयेत म्हणाला. "राखेचं बेट! तिथे रस्ता माणसांना विचारावा लागतो. तुटक्या पुलापाशी डावीकडे, मग टेकडीला वळसा. चुकलास तर चुकलास. याला म्हणतात फिरणं."

"त्यातल्या माणसांची तोंडं बटाट्यासारखी आहेत," जुनमार म्हणाला.

"तुझं कुठे वेगळं आहे?"

"रेनान, तू हिमाचा दरवाजा घे. त्यात बाण असतो. कुठे जायचं ते दाखवतो."

"बाण! अरे, हा दिवसभर जहाजावर नकाशाच बघतो. सुटी झाल्यावर पुन्हा बाणाच्या मागे चालायचं?"

"दिवसभर वाट शोधून दमतो म्हणूनच सांगतोय. संध्याकाळी तरी त्याला हरवायला लावू नकोस."

दोघेही रेनानकडे बघायला लागले.

"तुमचं दोघांचंही बरोबर आहे," रेनान म्हणाला. सासूबाई उठून आत गेल्या.

शेवटी असं ठरलं की दोन्ही खेळ अर्धा-अर्धा तास खेळून बघायचे. त्यासाठी दोन्ही एकदम लॅपटॉपवर हवेत, म्हणून काहीतरी काढायला हवं. कंपनीचे धडे काढले तर जहाजावर घेणार नाहीत. राहिले सेलीनचे व्हिडिओ.

"यातला हा बावन्न मिनिटांचा आहे," रेनान म्हणाला. "यात ती नुसती झोपली आहे."

"हो."

"काहीच घडत नाही."

"काही घडत नाही, तेच तर बघायचं असतं."

सेलीन जन्मल्यापासून मी तिचा श्वास मोजते. डॉक्टर म्हणाले गरज नाही. मी म्हटलं बरं, आणि मोजत राहिले. स्वयंपाक करताना मोजता येत नाही, म्हणून फोन लावून ठेवते. असे एक्केचाळीस व्हिडिओ झाले होते. ते सगळे तात्पुरते माझ्या फोनमध्ये काढून घेतले. निघताना दोनपैकी एक खेळ पुसायचा आणि त्या जागी व्हिडिओ परत टाकायचे, असं ठरलं.

अर्ध्या तासाची परीक्षा साडेतीन दिवस चालली. कारण या खेळांत आधी आपल्या माणसाचा चेहरा बनवावा लागतो. कपाळ, भुवया, गालफडं, सगळं कमीजास्त करता येतं. राखेच्या बेटावर रेनान दुपारभर एका हनुवटीशी झटत बसला होता. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"ही तुझ्या बाबांची हनुवटी."

"आपोआप आली, नानाय."

"नाक आणखी बसकं होतं." आणि त्या खुर्ची ओढून बसल्या.

संध्याकाळपर्यंत माझे दिवंगत सासरे हातात तलवार घेऊन बंदरावर उभे राहिले. मग न्याय म्हणून हिमाच्या दरवाज्यातही त्यांनाच उभं करावं लागलं. तिथे चुकून रंग हिरवा निवडला गेला आणि तो बदलायचा तर पहिल्यापासून सुरुवात. सासूबाईंनी बराच वेळ निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "हिरवे असले तरी तेच आहेत. राहू दे." अर्धा तास खेळायचं तेवढं राहून गेलं.

रविवारी मोलोच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला. फादर एल्मो आमच्यापेक्षा दोनेक वर्षांनीच मोठे. त्यांनी धर्मपित्यांना विचारलं, सैतानाचा आणि त्याच्या सगळ्या भुलवणुकींचा त्याग करता का? "करतो," बोयेत म्हणाला, आणि 'भुलवणुकी' या शब्दाच्या वेळी त्याने जुनमारकडे बघितलं. "करतो," जुनमार म्हणाला. "बटाट्यांसकट." सेलीनच्या डोक्यावर पाणी पडलं. ती रडली नाही. मी श्वास मोजला, बरोबर होता.

जेवणाच्या वेळी अख्खं भाजलेलं डुक्कर मधोमध ठेवून त्याच्या दोन बाजूंना दोन पक्ष पडले. कोणीतरी फादरनाच निवाडा मागितला. फादरनी हात पुसले.

"राखेचं बेट," ते म्हणाले. "सेमिनरीत असताना दोन वर्षं." मग पुढे म्हणाले, "पण मूळ स्वरूपात. काही भर न घालता."

बोयेतने छातीवर क्रूसाची खूण केली. जुनमारने ताटली खाली ठेवली. "फादर, आयुष्यात पहिल्यांदाच मला चर्चचं म्हणणं पटत नाहीये." आणि तो पोटभर न जेवता घरी गेला. बाप्तिस्म्याच्या जेवणातून धर्मपिता उपाशी उठून जाणं म्हणजे काय, ते आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. सासूबाईंनी त्याच्यासाठी डबा भरून पाठवला. तो त्याने घेतला, पण 'बघतो' म्हणाला.

आता एक खेळ सोडला तर मुलीच्या धर्मपित्याचा अपमान, आणि दुसरा सोडला तर दुसऱ्या धर्मपित्याचा, शिवाय चर्चचा. रेनानचं जेवण कमी झालं. मी पट्ट्याच्या भोकांकडे बघायला लागले.

मग भर घालायला सुरुवात झाली. जुन्या खेळांना जगभरचे हौशी लोक घरबसल्या सुधारणा करून देतात. चांगली झाडं, चांगलं पाणी, बटाट्यांच्या जागी माणसं. फादरनी नको म्हटलेलं असूनही बोयेत शहाऐंशी सुधारणा घेऊन आला. हे कळल्यावर जुनमार एक्क्याण्णव घेऊन आला. राखेच्या बेटावर झाडं सुरेख उगवली, पण घरांची दारं गेली. दारं परत आणली तर गावातल्या सगळ्या बायकांना मिशा फुटल्या. मिशा काढल्या तर समुद्र गेला. तिघे मिळून तीन दिवस हे निस्तरत होते.

"खेळून कधी बघणार?" मी विचारलं.

"आधी सगळं नीट बसू तर दे," तिघेही एकदम म्हणाले. बाप्तिस्म्यानंतर त्यांचं एकमत झालेलं मी तेवढंच बघितलं.

निघायच्या आदल्या दिवशी रेनान सह्या करायला जहाजभरती एजन्सीच्या ऑफिसात गेला. सकाळी दहाला बोयेत आला. मी सेलीनला पाजत होते. तो आतल्या खोलीत लॅपटॉपपाशी पाच मिनिटं बसला आणि बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. मला वाटलं, मित्र चाललाय म्हणून. दुपारी तीनला जुनमार शाळेतून आला. तो आत वीस मिनिटं होता. मध्ये एकदा मोठ्याने "असं होय!" ऐकू आलं.

"नेलिया, पाच वाजेपर्यंत याला हात लावू नकोस," तो जाताना म्हणाला. "काम चालू आहे."

साडेतीनला वीज गेली आणि तिच्याबरोबर इंटरनेटही, दोन्ही सहाला परत आली. मी काही हात लावला नाही.

संध्याकाळी रेनान आला. त्याने न विचारताच सांगितलं, "ठरवलं मी." इतक्या दिवसांत त्याचा चेहरा पहिल्यांदाच मोकळा दिसला. तो आंघोळीला गेल्यावर मी व्हिडिओ परत टाकायला लॅपटॉप उघडला, तर त्यात भरपूर जागा होती. मला इतकं बरं वाटलं! म्हणजे याने खरोखरच एक निवडला, आणि वर ती सगळी भरही काढून टाकली. कुठला निवडला ते विचारावंसं वाटलं. पण विचारलं तर दोन वस्तू पुन्हा त्याच्यापुढे येतील. एवढ्या दिवसांत सासूबाईंचं म्हणणं मला पटलेलं होतं. मी गप्प बसले. मोकळ्या जागेत एक्केचाळीस व्हिडिओ टाकले, आणि तरी जागा उरली म्हणून त्या संध्याकाळचा आणखी एक, सव्वा तासाचा. सेलीन झोपलेली.

मी घरातली प्रत्येक गोष्ट बघत असते. गॅसची कळ, खिडकीची खिट्टी, पाण्याची बादली. एवढी एकच गोष्ट बघितली नाही.

नवव्या दिवशी जहाजावरून निरोप आला. 'दोन्ही नाहीत. नुसती सेलीन झोपली आहे.'

मी दोघा धर्मपित्यांना घरी बोलावलं. सासूबाईंनी दाराला कडी लावली.

"मी हिमाचा दरवाजा पुसला," बोयेत म्हणाला. "त्याला ठरवता येत नव्हतं. म्हटलं, आपणच ठरवून टाकावं. मित्राचं काम आहे."

"ते मला दिसलं," जुनमार म्हणाला. "म्हणून मी राखेचं बेट पुसलं आणि दरवाजा इंटरनेटवरून पुन्हा उतरवायला लावला. दोन तासांचं काम होतं."

"साडेतीनला वीज गेली," मी म्हणाले.

 "आणि रेनानने काय ठरवलं होतं?" जुनमारने विचारलं. मी निरोप पाठवून विचारलं. उत्तर आलं, 'ठरवलं होतं की विमानात बसल्यावर ठरवायचं. बसलो आणि झोप लागली.'

त्यानंतर सहा दिवस काहीच नाही. अंगठासुद्धा नाही.

ते सहा दिवस कसे गेले ते सांगत नाही. मी सेलीनचे श्वास मोजत होते आणि सासूबाई माझे. बोयेत रोज न सांगता बाचोय आणून ठेवायचा. जुनमारही यायचा. दोघे ओट्यापाशी शेजारी शेजारी बसायचे आणि खेळांबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. ते बघून मला जास्तच भीती वाटायची.

सातव्या दिवशी सकाळी निरोप आला. एक नाही, अकरा. चार चार ओळींचे तुकडे, एकापाठोपाठ एक.

झालं होतं ते असं. जेवणघरात सेकंड इंजिनियरने रेनानला सहज विचारलं की तोंड का उतरलंय. रेनानने दोन्ही खेळ गेल्याचं सांगितलं. "जाऊ दे रे, पण एक आणायचा असता तर कुठला आणला असतास?" सेकंड इंजिनियर म्हणाला. रेनान म्हणाला, "तोच तर प्रश्न आहे." शेजारच्या टेबलावरून आचाऱ्याने आवाज दिला, "हिमाचा दरवाजा, दुसरं काय!" त्यावर कोणीतरी चमचा आपटला. दुसऱ्या दिवसापर्यंत जेवणघराचे दोन भाग झाले होते. खलाशांचे मुकादम तेम्योंगकाका, वय अठ्ठावन्न, यांनी जन्मात कुठलाही खेळ बघितलेला नाही. ते राखेच्या बेटाचे पुढारी आहेत. त्यांचं म्हणणं, जो माणसांना रस्ता विचारत नाही तो कसला दर्यावर्दी? आरडाओरडा ऐकून कॅप्टन दम द्यायला खाली आले. ते क्रोएशियाचे. सगळं ऐकून घेतलं, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "दरवाजा. पण आधी मला बोलू द्या."

'सहा दिवस वेळच नव्हता,' रेनानने लिहिलं होतं. 'मी अजून कुठल्याच बाजूला नाही, म्हणून दोन्ही बाजू मला ओढतायत. आचारी रोज एक अंडं जास्त देतो. तेम्योंगकाका स्वतःच्या डब्यातली सुकी मासळी देतात. पट्टा एक भोक सैल केलाय. तू विचारशील म्हणून सांगतो. आणि रात्रपाळीला जाणारे बाकावर झोपतात, त्यांना भांडणाचा त्रास होतो, म्हणून कॅप्टनने नियम काढलाय. जेवणानंतर एक तास टीव्हीवर सेलीनचा व्हिडिओ लावायचा आणि तेवढा वेळ हळू बोलायचं. ती उठेल म्हणून.'

मी सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी कांगकाँगची जुडी सोडली.

"नऊ महिन्यांत त्याने ठरवलं नाही म्हणजे मिळवली," त्या म्हणाल्या.

आता एक विनंती. जहाजाचं नाव 'अल्बा ग्रेस', निळं, चिमणीवर पांढरा पट्टा. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोळसा घेऊन ते तुमच्या किनाऱ्यावर, जयगड बंदरात लागतंय. तुमचं कोणी तिथे कामाला असेल, तर संध्याकाळी जेवणाच्या वेळी त्याला जहाजाच्या शिडीवरून वर जायला सांगा आणि जेवणघराच्या दाराशी थोडं थांबायला सांगा. आतून भांडणाचा आवाज आला तर सगळं ठीक आहे, तसंच परत यावं. आवाज नसला तर टीव्हीकडे बघावं. पडद्यावर बाळ झोपलेलं दिसलं तरी ठीक आहे, ते हळू बोलत असतील. पण आत सामसूम असली आणि टीव्हीही बंद असला, तर कृपा करून वरच्या मजल्यावर जाऊन थर्ड मेटचं दार वाजवावं. आत गेल्यावर दुसरं काही विचारू नये. एवढंच विचारावं, की बेट का दरवाजा?